नवोदयची वाट आणि गावची शाळा



शंकरनगरच्या जवाहर नवोदय विद्यालयात पाल्याचा प्रवेश व्हावा, या आकांक्षेने खेड्यातील बालकाचे नाव तिसरी-चौथीतच उमरीच्या शाळेत घातले जाते. येथेच घात होतो. किमान 75 टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरी शाळेत काढला, तरी तो हक्क जातो. उमरी नगरपरिषद क्षेत्र आहे. शिकवणीवाले हे क्वचितच सांगतात! सहावीसाठीची ही परीक्षा एकदाच देता येते.

नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेतच असू द्यावे. 80 प्रश्नांपैकी 40 मानसिक क्षमतेचे, त्यांचीच घोकंपट्टी चालते. भाषेच्या उताऱ्यांचे 25 गुण उपेक्षित राहतात. पाठशाळेत नित्य एक उतारा वाचून त्यावर प्रश्न विचारता येतील. त्यास शुल्क लागत नाही.