तांत्रिक व्याख्यान आणि यंत्रनिर्मित चित्रे



आपल्या ज्ञातीतील तरुण अभियंते आज पडद्यावर स्लाइड दाखवून व्याख्याने देतात. स्लाइडवरील चित्रही चार शब्दांच्या सूचनेवरून संगणक काढून देतो. या सोयीचे आम्ही स्वागतच करतो. परंतु हे यंत्र पूर्वीच्या असंख्य चित्रांच्या धाटणीवरून नवे चित्र रचते. चक्रास दाते किती, बाण कोणीकडे, याची खात्री ते देत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फ्रंटिअर्स इन सेल अँड डेव्हलपमेंटल बायॉलॉजी’ या नियतकालिकात उंदराचे असेच एक चित्र छापले गेले. अवयव विपरीत, नावे निरर्थक! तो लेख थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला. छापण्यापूर्वीच्या परीक्षणाच्या प्रक्रियेतूनही जे सुटले, ते श्रोत्यांच्या ध्यानी कसे यावे? चुकीच्या आकृतीवरून विजेची जोडणी झाली, तर प्राणावरही बेतावयाचे.

म्हणून शीर्षकाच्या स्लाइडवर शोभेचे चित्र खुशाल यंत्राचे असो, आणि ते तसे आहे हे खाली नमूद असो. आलेख मात्र मूळ आकड्यांवरूनच काढावा, भागांची नावे स्वहस्ते लिहावीत. “ही रेघ येथे का?” या प्रश्नास ज्यास उत्तर देता येते, त्यानेच ती आकृती दाखवावी, एवढीच आमची तरुणांस विनंती आहे.