बियाण्याचं कपाट, गावाची किल्ली
(वाशीम जिल्ह्यातल्या एका गावबैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आयाबहिणींनो, काकालोक आणि माझ्या वयाच्या पोरापोरींनो,

वनहक्काच्या दाव्यासाठी आपण तहसीलच्या चकरा मारतो. तो लढा चालूच राहणार. आज मला त्या जमिनीत जे पडतं, त्यावर बोलायचं आहे. पट्टा आपल्या नावाचा झाला, पण बी दरसाल दुकानातून उधार आणलं, तर जमीन आपली आणि पेरणी दुसऱ्याच्या मर्जीची.

आपल्या जिल्ह्यात आज जिकडे पाहा तिकडे सोयाबीन. आधी ज्वारीच्या वावरातच तूर, मूग, उडीद, तीळ, अंबाडी, बरबटी निघायची. घरामागं न्हाणीच्या पाण्यावर दोडका, वाल, कोहळं, भेदरं, मिरची. हे बी कोणी ठेवलं? बायांनी ठेवलं. पण कोणत्याच वहीत त्याची नोंद नाही. म्हणून घरातली म्हातारी गेली की तिच्या गाडग्यातलं बीही जातं. दुकानातलं संकरित बी एक हंगाम माल देतं. त्याचंच बी धरून पुन्हा पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. मग दरसाल नवीन पाकीट.

यावर रस्ता आहे आणि तो एका आदिवासी बाईनंच दाखवला आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या महादेव कोळी समाजाच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी भाज्यांचं, कडधान्याचं, भाताचं बी गोळा केलं. बायफ संस्थेची साथ मिळाली आणि बीज बँक उभी राहिली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

अमेरिकेत हेच काम सार्वजनिक वाचनालयात चालतं. कॅलिफोर्नियात रिचमंडच्या वाचनालयात 2010 पासून पुस्तकासारखं बी नेता येतं. पीक आलं की थोडं बी परत आणून द्यायचं. आपल्याकडे ज्या गावात वाचनालय आहे तिथं एक कपाट मागून घेऊ. जिथं नाही तिथं समाजमंदिरात पेटी ठेवू.

रीत सोपी ठेवू. एक मूठ न्या, दोन मुठी परत करा. एखाद्याचं पीक बुडालं तर दंड नाही, पुढच्या साली द्यावं. वहीत लिहायचं: कोणतं बी, कोणाच्या घरचं, कोणत्या मातीत, कधी पेरलं, कसं आलं. लिहायचं काम शिकलेल्या पोरांचं, सांगायचं काम म्हाताऱ्यांचं.

सुरुवात वाल, बरबटी यांच्यापासून करा, त्यांची भेसळ कमी होते. दोडका, कोहळं, काकडी यांच्या दोन जाती जवळजवळ लावल्या की मधमाश्या त्यांची भेसळ करतात. म्हणून एका घरानं एकच जात धरावी. बियाण्याचं फळ चांगल्या वेलाचं निवडा आणि वेलावरच पिकू द्या. भाजीसाठी तोडायचा मोह टाळा. बी चांगलं वाळवून राखडीत किंवा निंबाच्या पाल्यात ठेवा. पेरणीआधी 10 दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहा. 8 उगवले तर बिनधास्त द्या. 4-5 च उगवले तर तसं चिठ्ठीवर लिहा, घेणारा दाट पेरील.

काही जण विचारतात, मृग लागला आणि वाचनालयाला कुलूप असलं तर? म्हणून दोन किल्ल्या. एक वाचनालयात, दुसरी बचत गटाच्या बायांकडे. आणि सगळं बी कधीच कपाटात टाकायचं नाही. अर्धं घरी राहील, म्हणजे एका ठिकाणी किडलं तर दुसरीकडे वाचेल.

आणखी एक भीती. बी वाटलं म्हणून कोणी गुन्हा दाखल करील का? 2019 साली गुजरातेत पेप्सिको कंपनीनं बटाट्याच्या वाणावरून शेतकऱ्यांवर दावे लावले होते. चौघांकडे प्रत्येकी 1 कोटीच्या वर मागितले. देशभर ओरड झाली आणि कंपनीनं दावे मागे घेतले. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 सांगतं: शेतकऱ्याला आपलं बी ठेवता येतं, पेरता येतं, वाटता येतं, बदलता येतं, विकताही येतं. फक्त संरक्षित वाणाचं बी तसं लेबल लावून, म्हणजे ब्रँडेड बी म्हणून, विकता येत नाही.

आपल्या 2006 च्या वनहक्क कायद्यात जैवविविधतेवरचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा गावाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली लोक जैवविविधता नोंदवही करता येते. तेव्हा बियाण्याची आपली वही ग्रामसभेच्या ताब्यात राहील. बाहेरचा कोणी माहिती मागायला आला तर त्याला ग्रामसभेपुढे बोलवा. एकट्यानं वही हातात देऊ नका.

पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव लिहून घ्या. एक कपाटाचा, एक वहीचा. दोन्हींवर बायांच्या सह्या आणि अंगठे हवेत. आणि येताना प्रत्येक घरानं एक मूठ बी आणावं. कोणाकडे कोणतं गावठी बी शिल्लक आहे, हे त्याच दिवशी गावाला कळेल.

जल, जंगल, जमीन आपण म्हणतो. त्यात बियाणंही म्हणू या.

जोहार!