वाटाण्याचा धडा, पुन्हा एकदा



मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नाही. पण आपल्यातल्या काहींची मुलं आता लग्नाला आलीत, म्हणून मेंडेलच्या वाटाण्यांचा धडा पुन्हा काढते.

घोलवडच्या वाड्यांत चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. कलम म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. माणसाचं तसं नाही. आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

आपल्या डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांत आढळणारा सिकलसेल असाच उतरतो. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. माझ्या कामात एका चुकीच्या अक्षरानं अख्खा प्रोग्रॅम बंद पडतो. इथे गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं असह्य ठणकतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २०. म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

एकच प्रत बदललेली असेल तर तो माणूस वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, उलट घातक मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. हा बदल मलेरियाच्या मुलखांत टिकला तो त्यामुळेच.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ हा हिशोब चुकीचा. नाणं मागची फेक लक्षात ठेवत नाही. आणि ‘सुनेच्या रक्तातच खोट’ हे तर साफ खोटं. आजारी मुलाच्या दोन प्रतींपैकी एक बापाचीच असते!

मला खरी भीती वेगळीच वाटते. चाचणीचा कागद बघून वाहक मुलीचं जमलेलं लग्न मोडायचं. जोडीदाराच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार होत नाही. दोघंही वाहक असले, तरी दिवस राहताच डॉक्टरांना सांगावं. गर्भाची तपासणी करता येते.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. आपण त्यात बसत नाही, आपली मुलं बसतात. सरकारी दवाखान्यात थेंबभर रक्तावर ही चाचणी फुकट होते. साखरपुड्याआधी ती करून घ्या, मुलाची आणि मुलीची, दोघांचीही.

बाकीचे प्रश्न जेवताना विचारा. आपल्या वर्गातल्या डॉक्टरीणबाई पहिल्याच रांगेत बसल्यात, त्यांना सोडू नका.