माडाची उंची आणि वाहनाचा वेग



रत्नागिरी शहरातून दक्षिणेकडे निघालेला रस्ता काजळी नदीच्या खाडीवरील पूल ओलांडून भाट्ये गावात येतो आणि पुढे पावस, पूर्णगडच्या दिशेने जातो. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र आहे. गावात प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. रस्ता मोकळा दिसला आणि समुद्राचा वारा लागला की वाहनचालकाचा वेग नकळत वाढतो. याच रस्त्यावर शाळेत जाणारी मुले असतात, मासळी घेऊन निघालेल्या स्त्रिया असतात आणि वाट नवखी असलेले पर्यटकही असतात.

माडावर चढणारा माणूस आपले काम किती गांभीर्याने करतो, हे किनाऱ्यावरील प्रत्येकास ठाऊक आहे. खोड ओले असेल तर तो चढत नाही, आणि एक हात पक्का धरल्याशिवाय दुसरा सोडत नाही. उंची त्याला डोळ्यांनी दिसते, म्हणून तो सावध असतो. वेगाचे तसे नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने अचल वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवरून खाली पडणे होय. वेग ६० झाला की ही उंची सुमारे १४ मीटर होते आणि ८० झाला की २५ मीटर. वेग दुप्पट झाला तर आघात चौपट होतो. जो गृहस्थ वाढलेल्या बाणवली माडाच्या शेंड्याकडे पाहूनच मान हलवील, तोच दुचाकीवर बसून तेवढ्याच उंचीचा धोका रोज निःशंकपणे पत्करतो.

“ब्रेक उत्तम आहेत,” असे यावर सांगितले जाते. तथापि, समोरचे संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारणतः एक सेकंद जातो आणि ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्या अवधीत वाहन सुमारे १७ मीटर पुढे गेलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ते थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. पावसाळ्यात हे अंतर जवळजवळ दुप्पट होऊ शकते. वाऱ्याने रस्त्यावर आलेली वाळू किंवा दरडीवरून वाहून आलेली जांभ्याची लाल माती दुचाकीला तितकीच घातक असते.

शिरस्त्राणाचे महत्त्वही माडाखालीच समजते. उंचावरून पडलेला सोडणासह नारळ बहुधा शाबूत राहतो. सोललेला नारळ मात्र एका घावात फुटतो. सोडण आघात शोषून घेते. हेल्मेटच्या आतील मऊ थराचे कार्य तेच आहे. मात्र त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असला पाहिजे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. एकूण मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. यांतील प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे.

या बाबतीत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. तरीही “जवळच तर जायचे आहे” म्हणून वडीलच मुलाच्या हाती किल्ली देतात. सोळाव्या वर्षी माडावर चढू न देणाऱ्या घराने सोळाव्या वर्षी स्कूटर का द्यावी?

शिक्षकांनी हा प्रश्न पालकसभेत आवर्जून विचारावा. आघाताचा हिशेब विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मांडता येईल. पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वी वळणावरील झुडपे छाटून घ्यावीत, शाळेजवळील सूचनाफलक दिसतात की नाही हे पाहावे आणि रस्त्यावर साचलेली वाळू व माती हटवावी. अधिकारीवर्गाने कार्यालयात येताना स्वतः हेल्मेट अथवा सीटबेल्ट वापरावा. परिपत्रकापेक्षा या उदाहरणाचा परिणाम अधिक होतो.

एवढे करूनही अपघात घडलाच, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीस सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यामुळे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने कोणी मागे हटू नये.

रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम दरवर्षी जानेवारीत होतात. माडावर चढणारा मात्र सावधगिरीसाठी सप्ताह पाळत नाही. तो प्रत्येक वेळी खोड पाहतो आणि मगच पाय उचलतो. गाडीची किल्ली फिरवण्यापूर्वी प्रत्येकाने तेवढाच क्षणभर थांबावे, एवढीच अपेक्षा आहे.