वाढदिवसाचा वजनकाटा



ग्वाल्हेरच्या किला गेटला बसून वाढदिवसाच्या दानावर बोलायचं, तर दाखले पुण्याहून मागवायला नकोत. आपल्याच जिल्ह्यात आंतरीला अबुल फजलची कबर आहे. अकबराच्या वाढदिवसाचा हिशेब याच गृहस्थांनी ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवला. आपल्या घरांत तारखेचा आणि तिथीचा असे दोन वाढदिवस निघतात ना, तसेच बादशहाचेही दोन होते, एक सौर आणि एक चांद्र. सौर वाढदिवसाला बारा जिनसांनी तुळा व्हायची. त्यांत सोनं, पारा, रेशीम, तांबं होतं, तसंच तूप, मीठ आणि सात प्रकारची धान्यंही होती. चांद्र वाढदिवसाला आठ जिनसा, त्यांत चांदी, कापड, फळं, मोहरीचं तेल, अगदी भाजीपालासुद्धा. पण मला आवडते ती त्यातली एक बारीक नोंद. बादशहाचं जितकं वय, तितक्या मेंढ्या, शेळ्या आणि कोंबड्या ती जनावरं पाळणाऱ्यांनाच दिल्या जात. ज्याला सांभाळता येईल त्यालाच द्यायचं, एवढा विचार त्यात होता.

तुळा आपल्यालाही परकी नाही. जिजाऊंची तुळा 1665 च्या सूर्यग्रहणात महाबळेश्वराला झाली. पण तिच्यात एक अडचण आहेच. दानाचं माप देणाऱ्याच्या देहावर ठरतं, घेणाऱ्याची गरज पारड्यात बसतच नाही. जहांगीरची तुळा टॉमस रो या इंग्रज राजदूताने 1617 मध्ये मांडूला पाहिली. सोनं-जवाहीर थैल्यांत बंद होतं. आत खडे भरलेले नसतील कशावरून, असा संशय त्याने लिहून ठेवला आहे. आज अनाथाश्रमात केक घेऊन जाणाऱ्यांच्या हातात निदान थैली नसते, कॅमेरा असतो. एका आठवड्यात चार अनोळखी माणसांसाठी टाळ्या वाजवणाऱ्या त्या मुलांना केकऐवजी काय हवं होतं, हे आधी फोन करून कोण विचारतं?

याच जहांगीरने गुरू हरगोविंदांना आपल्या इथल्या किल्ल्यावर डांबलं होतं. सुटताना त्यांनी बावन्न राजांनाही सोडवलं, असं शीख परंपरा सांगते. आज तिथे दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. गुरूंचा जन्मदिवस म्हणजे लंगर, आणि पंगतीत बसलेल्याची भूक भागेपर्यंत वाढत राहायचं. तुळेपेक्षा हे माप मला जास्त पटतं.

आता एक दाखला मात्र पुण्याहून मागवतोच, लोकमान्य टिळकांचा. 23 जुलै 1916 रोजी त्यांच्या साठीच्या समारंभात गायकवाड वाड्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली, आणि ती त्यांनी राष्ट्रकार्याला देऊन टाकली. सरकारनेही त्याच सुमारास भेट पाठवली, ती वीस हजारांच्या जामिनाची नोटीस! त्या नोटिशीवरून निघालेला हुकूम नोव्हेंबरात हायकोर्टाने रद्द केला. 

हल्ली पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर भरतं. मी त्याची थट्टा करणार नाही, कारण पिशवीतलं रक्त खरंच असतं. फक्त ते टिकत नाही. नेहमीच्या पिशवीतलं रक्त पस्तीस दिवस टिकतं, प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस. शिवाय एकदा दिलेल्या पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने थांबावं लागतं. म्हणजे साहेबांच्या वाढदिवशी फ्रीज ओसंडतो, आणि कॉलेजं बंद असताना मे महिन्यात रुग्णाचा मुलगा रक्तासाठी दारोदार फिरतो.

साहेबांचा वाढदिवस वर्षातून एकदाच येतो. आपले मात्र तीनशे पासष्ट दिवसांत आपोआप विखुरलेले आहेत. एका मोहल्ल्यातल्या धडधाकट माणसांनी ज्याने त्याने आपापल्याच वाढदिवसाला रक्त दिलं, तर रक्तपेढीला कुणी वेळापत्रक आखून द्यायला नको. तिथेही तुमचं वजन करतातच, पण ते तुमच्याच भल्यासाठी. पंचेचाळीस किलोंच्या खाली असाल तर घरी पाठवतात.

ज्यांचे वाढदिवस मे-जूनमध्ये येतात, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर जरा थांबावं, नावं लिहून घ्यायची आहेत. जयारोग्य रुग्णालयाच्या रक्तपेढीत कधी जायचं, ते आपण मिळून ठरवू. डिसेंबरवाल्यांनी जेवायला जायला हरकत नाही.