वर्षाला पाच-सहा चित्रं

वासुदेव गायतोंडे हे भारतीय अमूर्त चित्रकलेतलं फार मोठं नाव. पण भर उमेदीच्या काळातही वर्षाकाठी त्यांच्या हातून जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत.

गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. घराणं मूळचं गोव्याचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये त्यांनी पदविका घेतली. पुढे ते दिल्लीला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

वर्षाला पाच-सहाच चित्रं, मग त्यांचा वेळ जायचा कुठे? बराचसा विचारात. चित्र मनात पुरतं मुरल्याशिवाय ते रंगाला हात लावत नसत. काम सुरू झालं की ब्रशपेक्षा रोलर आणि रंगकामाची सुरी जास्त चाले. रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, सुरीने तो खरवडायचा, कुठे कागदाचे कपटे दाबून ओला रंग टिपून घ्यायचा, की पुन्हा नवा थर. म्हणूनच त्यांच्या चित्रांत खालचे रंग वरच्या रंगांतून झिरपल्यासारखे दिसतात.

१९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी रेखाटनं केली.

२००१ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडेही त्यांची चित्रं आहेत. तिथे ती पाहायला मिळाली, तर एकेका चित्रापुढे निदान दहा मिनिटं थांबा.