चष्मा उतरवता येत नाही तेव्हा

आज एका भयपटाबद्दल बोलू. शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना आधी तो बघायचाय त्यांनी इथेच थांबावं.

फाउंड फूटेज, म्हणजे पात्रांनीच चित्रित केल्यासारखे दिसणारे सिनेमे. १९९९चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आठवत असेल. असे सिनेमे बघताना मला एकच प्रश्न छळतो: जीव मुठीत धरून पळताना ही माणसं कॅमेरा टाकून का देत नाहीत?

डोरॉन आणि योआव पाझ या इस्रायली भावांनी २०१५च्या ‘जेरुझालेम’मध्ये याचं झकास उत्तर दिलंय. सारा आणि रेचल या दोन अमेरिकन मैत्रिणी सुट्टीत जेरुसलेमला येतात. साराला वडिलांनी स्मार्ट चष्मा दिलाय. तिची बॅग चोरीला जाते, त्यात नेहमीचा चष्माही जातो. आता हा उतरवला तर तिला नीट दिसणारच नाही! म्हणजे कॅमेरा हातात नाही, थेट डोळ्यांवर. आपण अख्खा सिनेमा तिच्याच नजरेनं बघतो.

नरकाच्या तीन दारांपैकी एक जेरुसलेममध्ये आहे, असं ज्यूंच्या तालमूद ग्रंथात म्हटलंय. सिनेमात ते दार योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी उघडतं. मेलेली माणसं काळे पंख घेऊन उठतात. आणि शहर कसं, तर जुना भाग जेमतेम एक चौरस किलोमीटरचा, भोवती सोळाव्या शतकातला ऑटोमन तट. वेशी बंद झाल्या की पर्यटक आत अडकले. इथे सेट उभारायची गरजच काय? त्या अरुंद गल्ल्याच पुरेशा भीतिदायक आहेत.

चष्मा तिला काय काय सांगतो! समोरच्याचा चेहरा ओळखून त्याचं फेसबुक उघडतो, रस्ता दाखवतो. पण आपण कुठे आलोय, हे मात्र त्याला सांगता येत नाही. पात्रं थोडी उथळ आहेत, मान्य. तरी ही गोष्ट मनात रुतते.

शेवटी साराही बदलते. तिला पंख फुटतात, ती शहरावरून उडते. चष्मा अजून डोळ्यांवरच आहे! म्हणजे आता आपण राक्षसाच्या डोळ्यांनी बघतोय, आणि चित्रीकरण चालूच आहे.

तिथे मला घाम फुटला. कारण दोन वर्षांपूर्वी एका घाटात आमच्या पुढची बस उलटली होती. मी गाडीतून उतरलो आणि माझा हात आधी खिशातल्या फोनकडे गेला. खिडकीतून एक आजी हात बाहेर काढत होत्या. त्या मला स्क्रीनवर दिसल्या. फोन ठेवून त्यांचा हात धरायला मला किती सेकंद लागले, ते त्या व्हिडिओत मोजता येतात. अकरा.

‘कॅमेरा का टाकत नाहीत?’ हे मी आता त्या पात्रांना विचारत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.